ताबा माझ्याकडे आहे, मग मुलीला पुण्याला न्यायला परवानगी कशाला?

चिपळूण भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ताई चौतीस वर्षांच्या, खासगी रुग्णालयात नर्स. परस्पर संमतीने घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली. नऊ वर्षांची मुलगी चौथीत आहे आणि आईकडे राहते. हुकूमनाम्यानुसार, म्हणजे घटस्फोटाच्या न्यायालयीन आदेशानुसार, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी बाबा तिला गुहागरला घरी नेतात, शिवाय मे महिन्यातले पंधरा दिवस आणि गणपतीचे पाच दिवस ती त्यांच्याकडे असते. आणखी एक अट आहे: बाबांची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय मुलीला राहण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही. बाबांची आंबा-काजूची बागायत आहे. ताईंना आता पुण्यात जवळजवळ दुप्पट पगाराची नोकरी मिळाली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं आहे. भाऊ म्हणतो, "ताबा तुझ्याकडे आहे. शाळेतून दाखला काढ आणि नीघ, पुढचं पुढे." सासरहून निरोप येतो, "पोरीला नेलंस तर कोर्टात खेचू." मुलगी आईजवळ म्हणते पुण्याला जायचं, बाबांजवळ म्हणते नाही जायचं. ताई विचारतात: परवानगी खरंच लागते का? ते मला अडवू शकतात का? वकिलाचा खर्च झेपला नाही तर काय करू?

ताई,

परवानगी लागते. अट हुकूमनाम्यात आहे आणि तिच्याखाली तुमची सही आहे. भावाने मायेपोटीच सांगितलं असेल, पण तसं केलंत तर आज तुमच्या बाजूने असलेलं प्रकरण तुमच्याच हाताने बिघडेल. दाखला काढून तुम्ही गेलात असं धरू. बाबा दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) किंवा अवमानाचा अर्ज दाखल करतील आणि जोडीला ताबा बदलून मागतील. पुण्याची नोकरी चांगली आहे का, हा प्रश्न मग मागे पडतो. ही आई आदेश पाळते का आणि मुलीला बाबांना भेटू देईल का, एवढंच न्यायाधीश बघू लागतात. उद्या मुलीला परत चिपळूणला आणा असा आदेश झाला, तर तो बहुधा सत्राच्या मध्यावर होईल, आणि एका वर्षात दोनदा शाळा बदलण्याचा त्रास तिलाच होईल.

तुमच्या पत्रात 'ताबा' हा शब्द बऱ्याचदा आला आहे. कोकणात ताबा म्हटलं की सातबारा आठवतो, ज्याचा कब्जा त्याची जमीन. मुलाच्या बाबतीत ताबा म्हणजे रोजच्या सांभाळाची जबाबदारी. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याचं पालकत्व संपत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर असतं. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये वडिलांचं नाव आधी आणि आईचं नंतर येतं, आणि ते दाखवून अजूनही बायकांना घाबरवलं जातं. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीचा अर्थ आईला दुय्यम ठरणार नाही असा लावला आहे. त्यामुळे वडील म्हणून ते मुलीला आपोआप ठेवून घेऊ शकत नाहीत आणि आई म्हणून तुम्हीही तिला आपोआप नेऊ शकत नाही.

दुसरी समजूत सासरच्या निरोपात दडलेली आहे: संमतीने लिहून दिलं की ते दगडावरची रेघ. हेही खरं नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली मुलांच्या ताब्याबद्दलचा आदेश हुकूमनाम्यानंतरही वेळोवेळी बदलता येतो, मग तो संमतीचा का असेना. संमतीने झालेला ताब्याचा आदेशही बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलं आहे. २०१० सालचं एक प्रकरण तर तुमच्यासारखंच होतं. संमतीने घटस्फोट झालेला, आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळालेली, वडिलांचा विरोध. न्यायाधीशांनी मुलाशी स्वतः बोलून आईला परवानगी दिली आणि वडिलांच्या भेटींची सोय आदेशातच लावली. २०२२ मध्ये पुण्यातल्या एका आईला मुलीसह पोलंडला जायची परवानगी कौटुंबिक न्यायालयाने नाकारली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने दिली. स्त्रीला नोकरीत पुढे जाण्याचा हक्क आहे, मूल आणि नोकरी यांतलं एक निवड असं तिला सांगता येत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. तुमचं पुणं तर घाटापलीकडे आहे. तरीही या निकालांवर विसंबून निर्धास्त राहू नका. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने मुलाचं हित आणि वडिलांच्या भेटी तपासूनच परवानगी दिली. नुसत्या पगाराच्या आकड्यावर परवानगी मिळत नाही.

आता बाबांच्या विरोधाबद्दल. तुम्ही लिहिलंय, "त्यांना फक्त मला अडवायचंय." असेलही. पण तुमच्याच पत्रात आहे की तीन वर्षांत त्यांनी जेमतेम दोन-तीन भेटी चुकवल्या. असा बाप मुलगी सहा-सात तासांच्या एसटीच्या अंतरावर जाणार म्हटल्यावर घाबरणारच. भीती खरी धरून तिचं उत्तर कागदावर द्या. न्यायाधीशही तेच शोधत असतात: हलल्यानंतर मुलीच्या वाट्याला बाबा किती उरतात?

तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसा. आजच्या आदेशाचे दिवस मोजा. मे सोडून अकरा महिने, महिन्याला चार दिवस म्हणजे ४४, अधिक मेचे १५, अधिक गणपतीचे ५. एकूण ६४. पुण्याहून दर पंधरवड्याला येणं-जाणं नऊ वर्षांच्या मुलीला झेपणार नाही, आणि कागदावर लिहून पाळता आलं नाही तर तोच कागद तुमच्यावर उलटेल. पण ६४ दिवस वेगळे वाटता येतात. नऊ महिने, महिन्याला एक शनिवार-रविवार, म्हणजे १८. दिवाळीचे ८, गणपतीचे ७, शिमग्याचे ३. उरले २८, ते उन्हाळ्यात.

इथे सरसकट "मे महिना बाबांकडे" असं लिहून टाकू नका. आंबा बागायतदाराचा मे म्हणजे पहाटेपासून उतरवणी, पेट्या आणि गाड्या. मुलगी बाबांच्या घरी जाईल आणि दिवसभर आजीपाशी बसेल. १६ मे ते १२ जून धरलं तर २८ दिवस भरतात, त्यातला बराच काळ हंगाम सरल्यावरचा असतो आणि बाबा मोकळे असतात. तुमचाही त्यात फायदा आहे. मुलगी गुहागरला असताना तुम्हाला पुण्यात घर लावता येईल, ड्युटीची वेळ बसवता येईल. राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात, पण पुण्यातली शाळा सीबीएसईची असेल तर सत्र आधी सुरू होऊ शकतं आणि हे गणितच मोडेल. गणपतीला कोकणातल्या शाळांइतकी सुट्टी तिकडे मिळेलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी शाळेचं सुट्टीपत्रक मागून घ्या आणि त्यावरूनच दिवस लिहा.

दिवस ठरले की प्रवास ठरवा, कारण अशा व्यवस्था बहुतेक वेळा इथेच मोडतात. चिपळूण-पुणे रोजची थेट रेल्वे नाही, आणि पावसात कुंभार्ली घाटात दरड आली की शुक्रवारची एसटी शनिवारी दुपारीही पोचेल याची खात्री नसते. म्हणून मुलीला सोपवण्याची जागा मधली ठेवा, कराडचं बसस्थानक दोघांना सोयीचं पडेल. वेळ लिहा. कोण येणार ते लिहा, आणि स्वतः येता आलं नाही तर दुसरं कोण चालेल त्याची दोन नावंही. भाड्याचा खर्च कोण करणार ते लिहा. हलणाऱ्या बाजूने निम्म्याहून जास्त उचलायची तयारी दाखवली की न्यायालयात चांगला परिणाम होतो, आणि तुमचा पगार वाढतोच आहे. घाट बंद असेल किंवा मुलगी आजारी असेल तर तीच भेट पुढच्या आठवड्यात होईल, हे वाक्य विसरू नका. ते नसलं की पहिल्याच जुलैत भांडण होतं. रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटलं आहे की आई-वडील दूर राहत असतील तिथे प्रत्यक्ष भेटीखेरीज फोन-व्हिडिओवरचा संपर्कही महत्त्वाचा आहे. तुमची ड्युटी बदलती असेल तर "संध्याकाळी" असं मोघम लिहू नका, "साडेसात ते पावणेआठ" असं लिहा, आणि तुम्ही ड्युटीवर असताना फोन कोण लावून देईल तेही.

शाळेच्या नोंदीत बाबांचं नाव आणि नंबर राहू द्या. प्रगतिपुस्तक, पालकसभेचा निरोप, डॉक्टरचा कागद त्यांनाही मिळेल असं स्वतःहून लिहून द्या. तुम्हाला यात काही गमवावं लागत नाही, समोरच्याची निम्मी धास्ती मात्र कमी होते.

मुलीचं काय करायचं? ती दोघांना दोन उत्तरं देते म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात. ती खोटं बोलत नाही. ज्याच्यासमोर उभी आहे त्याला दुखवायचं नाही एवढंच तिला कळतं. तिला पुन्हा विचारू नका, आणि तिच्या तोंडून काही वदवून मोबाइलवर रेकॉर्ड तर मुळीच करू नका. असा व्हिडिओ पाहिला की पढवलेलं आहे हे न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येतं. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ प्रमाणे, समजण्याइतकं वय असेल तर मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं. त्यासाठी ठरावीक वय नाही. न्यायाधीश तिच्याशी आपल्या चेंबरमध्ये, तुम्ही दोघं बाहेर असताना बोलतील. तिला सांगायचं ते एवढंच: "साहेब काही विचारतील, तुला वाटेल ते सांग, कुणी रागावणार नाही. आणि ठरवायचं काम मोठ्यांचं आहे, तुझं नाही." शेवटचं वाक्य बाबांच्या तोंडूनही तिच्या कानावर गेलं तर फारच बरं.

तुमच्या अर्जातला सगळ्यात भक्कम मुद्दा पत्रात तुम्ही जाता जाता लिहिला आहे. मुलगी चौथीत आहे, शाळा चौथीपर्यंतचीच आहे, पाचवीला ती हायस्कूलला जाणार. म्हणजे शाळा या जूनमध्ये बदलणारच होती. चालू शाळेतून उपटून नेण्याचा आरोप तिथेच लंगडा पडतो. अर्जाच्या पहिल्या पानावर हे यायला हवं. सोबत नियुक्तीपत्र, ड्युटीचे तास, राहत्या जागेचा भाडेकरार किंवा निदान घरमालकाचं पत्र, नव्या शाळेचं प्रवेशाबद्दलचं पत्र, घर-शाळा अंतर आणि शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंत तिला कोण सांभाळणार याचं नावानिशी उत्तर. नर्सची रात्रपाळी असते. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. तुमची आई सोबत येणार असेल तर तिचं शपथपत्र जोडा. जुनी भांडणं, सासूचे टोमणे, घटस्फोटाचं कारण यातलं काही नको. अशी दोन पानं घातली की समोरून चार येतात, आणि कॅलेंडर त्यात हरवून जातं.

वेळेचा हिशोब काटेकोर ठेवा. पत्र जानेवारीच्या मध्याचं आहे, हातात साडेचार महिने आहेत. पण मेमध्ये न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते आणि तेव्हा फक्त तातडीची कामं चालतात, म्हणजे खरे हातात साडेतीनच. याच आठवड्यात हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. घरातली झेरॉक्स चालणार नाही. जानेवारी संपायच्या आत बाबांना लेखी कळवा. पत्र भांडणाचं नको, कॅलेंडर सोबत जोडा, स्पीड पोस्टाने धाडा आणि पोचपावती जपा. त्यांनी होकार दिला तर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होऊ नका. तुमच्या अटीपुरती ती लेखी संमती ठरेल, पण नव्या भेटींचे दिवस त्याने हुकूमनाम्यात येत नाहीत, आणि उद्या कुणी फिरलं तर भांडण पुन्हा पहिल्यापासून. दोघांच्या सहीचा संयुक्त अर्ज त्याच न्यायालयात द्या आणि आदेश करून घ्या. होकार आला नाही तर तालुका विधी सेवा समितीमार्फत मध्यस्थीसाठी दोन-तीन बैठका मागा. फेब्रुवारीअखेर जमलं नाही तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात कलम २६ खाली अट शिथिल करण्याचा आणि भेटींचं नवं वेळापत्रक मंजूर करण्याचा अर्ज. सोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, परवानगीचाही. नोटीस बजावणी, त्यांचं म्हणणं, मुलीशी बोलणं, युक्तिवाद, एवढं सगळं एप्रिलमध्ये बसवायचं आहे, तेव्हा आपल्या बाजूने एकही तारीख पुढे ढकलू नका.

तरीही आदेश लांबला तर? रुग्णालयाकडे रुजू होण्याची मुदत वाढवून मागा, आताच मागा. मुलीला सहा महिने आजोळी ठेवून एकटीने जाण्याचा विचार पत्रात आहे, त्यावर मात्र माझं मत प्रतिकूल आहे. आई पुण्यात आणि मुलगी आजीकडे असेल, तर बाबा म्हणतील आजीपेक्षा बाप जवळचा, आणि न्यायालयाचा कलही बहुधा तसाच असतो.

खर्चाची चिंता मनातून काढा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीलाही मोफत वकील मिळतो, कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यात येतो. तालुका न्यायालयाच्या आवारात समितीचं कार्यालय असतं, जिल्हा प्राधिकरण रत्नागिरीला, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. ओळखपत्र, हुकूमनामा आणि साधा अर्ज पुरे. मिळालेला वकील वेळ देत नसेल तर बदलून मागता येतो, त्यात संकोच नको. वरच्या न्यायालयाची पाळी येऊ नये, पण उच्च न्यायालय गाठावं लागलंच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. रायगडवाल्यांना मात्र मुंबईच.

हे पत्र वाचणाऱ्या बाबांसाठीही थोडं. मुलगी जाणार असं कळलं तर तिला शाळेतून परस्पर घरी नेऊ नका आणि खावटी (पोटगी) थांबवू नका. दोन्ही गोष्टी तुमच्याच विरुद्ध पुरावा होतात. तुम्हाला न ऐकता एकतर्फी अंतरिम आदेश होईल अशी भीती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट टाका, ते ९० दिवस चालतं, मग नव्याने टाकावं लागतं. आणि विरोध करायचा तर तुमचंही कॅलेंडर आणा: सकाळी डबा कोण करणार, अभ्यास कोण घेणार, ताप आला तर कोण जागणार. तुमचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील तुम्हालाही मिळतो.

हुकूमनामा नसेल, नुसतेच वेगळे राहत असाल, किंवा हिंदू कायदा लागू नसेल, तर वाट पालक व पाल्य अधिनियमाची. अर्ज मूल नेहमी जिथे राहतं त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करायचा. न्यायालयाने तुम्हाला पालक नेमलं असेल तर त्याच कायद्याच्या कलम २६ खाली हद्दीबाहेर नेण्याआधी परवानगी घ्यावीच लागते. आखातात नोकरी लागलेल्यांनी पासपोर्टपासून सुरुवात करावी. मुलाच्या पासपोर्टला दोघांची संमती लागते, एकाची मिळत नसेल तर तसं वेगळं घोषणापत्र द्यावं लागतं. परदेशी नेलेली मुलं परत करण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे सीमेपलीकडे गेलेलं मूल परत आणणं फार अवघड असतं, आणि म्हणून न्यायालयंही परवानगी देताना जास्त खोलात शिरतात.

घरात मारहाण असेल तर यातलं काही तुम्हाला लागू नाही. आधी मुलाला घेऊन सुरक्षित जागी जा, ११२ किंवा १८१ ला फोन करा. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तात्पुरत्या राहत्या ठिकाणीही अर्ज करू देतो आणि त्यातच कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो.

ताई, बाबांना लिहायच्या पत्राची सुरुवात कशी करू असं तुम्ही शेवटी विचारलंय. "मला पुण्याला नोकरी लागली आहे" अशी नको. "पुढच्या वर्षी तिची तुमच्याकडची सुट्टी कशी असेल ते लिहून पाठवते आहे, बघून सांगा" अशी करा. नोकरीचं दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे.